फोरबोडची सरकारी नोकरी

एका इंग्रजी क्रियापदाचा मी अर्धाच अर्थ वाचला आणि ते सरकारी कागदात लिहून टाकलं.

क्रियापद होतं 'फोरबोड'. पुढं काहीतरी वाईट घडणार आहे असं मनाला आधीच जाणवणं, असा त्याचा पूर्ण अर्थ. त्यातलं 'वाईट' मी वाचलं नाही. 'पुढचं आधीच जाणवणं' एवढंच वाचलं आणि मला ते फार आवडलं. माझी चूक एवढीच. बाकी जे काही झालं ते त्या शब्दानं स्वतःच्या हिमतीवर केलं, मी फक्त बघत होतो.

नवीन राज्य नुकतंच झालं होतं. आदल्या दिवशी रायपूर हे जिल्ह्याचं गाव होतं आणि दुसऱ्या दिवशी राजधानी. गावाला हे कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. पानठेल्यासमोर लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहायच्या आणि ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, "भैया, शिक्षा विभाग किधर है?" पानवाला म्हणायचा, "परसों तक तो सामने था." आमचं मंत्रालय ज्या जुन्या इमारतीत बसवलं होतं तिथं आधी रुग्णांचे वॉर्ड होते. फिनाईलचा वास भिंतींत मुरलेला. माझ्या टेबलाच्या वर सलाइनची बाटली टांगायचा हूक होता, त्याला मी डब्याची पिशवी लावायचो. आत येणाऱ्या नवीन माणसाला काही क्षण वाटायचं की पिशवीची नळी माझ्या हाताला लावलेली आहे.

मी मूळचा रायपूरचाच म्हणायचा. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर आले, वडीलही रेल्वेतच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि माझी पोरं घरातसुद्धा हिंदी. मी एका जिल्हा कार्यालयात बाबू होतो. तिथून मला नव्या मंत्रालयात उचलून आणलं, कारण मला इंग्रजी येतं असा एक समज पसरलेला होता. मी रोज इंग्रजी पेपर विकत घ्यायचो. वाचतो की नाही हे कोणी तपासलं नव्हतं.

आता बाबू लोक काम कसं करतात हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. बाबूला स्वतःचं काही लिहावं लागत नाही. एखादं प्रकरण आलं की तो कपाटाकडे जातो, असंच जुनं प्रकरण शोधतो, त्यातलं नाव आणि तारीख बदलतो आणि खाली सही करतो. जुन्या प्रकरणात जे लिहिलं असेल ते बरोबरच, कारण ते आधी लिहिलं आहे. मलाही पंधराएक वर्षं तेच जमत होतं. पण नव्या राज्याची कपाटं रिकामी आली. जुन्या फायली भोपाळला होत्या आणि ट्रकमधून 'येत होत्या'. कुठला ट्रक, कधी निघाला, कोणालाच माहीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. कार्यालयाला खुर्च्या कमी पडत होत्या, वर पत्र पाठवायचं होतं.

"पिछला केस देख के बना दो."

"सर, पिछला कुछ है ही नहीं."

साहेबांनी मान वर केली. असं वाक्य त्यांनी नोकरीत कधी ऐकलं नसावं. मग म्हणाले, "तो पहला बना दो. आपको तो अंग्रेजी आती है."

मी घामाघूम होऊन टेबलाशी आलो. आणि तेव्हा मला तो शब्द आठवला.

त्याच्या थोडं आधी माझा घसा बसला होता आणि मी समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलो, समोरच्या टेबलावर औषध कंपनीनं दिलेलं कॅलेंडर. रोज एक पान, प्रत्येक पानावर एक अवघड इंग्रजी शब्द आणि त्याचा हिंदी अर्थ. त्या दिवशीचा शब्द फोरबोड. समोर छापलेलं: पूर्वाभास होना, आणि त्यापुढं आणखी काहीतरी. स्वल्पविरामापाशी पोचलो आणि आतून माझा नंबर पुकारला. डॉक्टरांनी घसा बघून सांगितलं की चार दिवस बोलू नका. त्यामुळे शब्द बाहेर पडला नाही, आतच मुरला.

तर खुर्च्यांच्या पत्रात मी लिहिलं, 'इट इज फोरबोडेड' की लवकरच आणखी खुर्च्या लागतील. साहेबांनी वाचलं. फोरबोडेडपाशी थांबले. मला वाटलं, आता अर्थ विचारतात. पण नव्या राजधानीत अर्थ विचारायला कोणीच तयार नव्हतं. जो विचारेल तो मागास ठरेल अशी सगळ्यांना भीती. साहेब फक्त "वाह" म्हणाले आणि टायपिस्ट बाईंना सांगितलं की याची कार्बन कॉपी वेगळ्या फाईलमध्ये लावा, वर 'नमुना' लिहा.

झालं. रिकाम्या कपाटात पहिली फाईल बसली आणि तिच्या पोटात माझं फोरबोड.

शेजारच्या शाखेला पंखे हवे होते. त्यांनी नमुना नेला, खुर्च्या खोडून पंखे लिहिले. त्यांच्याकडून पाण्याच्या टाकीवाल्यांनी नेला. पावसाळ्याआधी छताच्या दुरुस्तीचं पत्र गेलं त्यातही फोरबोड, आणि खरं सांगायचं तर त्या एकाच ठिकाणी तो शब्द बरोबर बसला होता, पण हे तेव्हा कोणाला कळणार. लोक माझ्याकडे शंका घेऊन यायला लागले. चहा त्यांचा, ज्ञान माझं.

"भैया, 'फोरबोडेड है' लिखें कि 'फोरबोड करता है'?"

मी डोळे मिटून विचार केल्यासारखा करायचो. "देखो, कुर्सी-टेबल के लिए 'फोरबोडेड'. पैसे की बात हो तो 'विभाग फोरबोड करता है'. पैसा बड़ी चीज है, उसमें करने वाला दिखना चाहिए."

दुसऱ्या दिवशी मी काय सांगितलं हे विसरून दुसऱ्याला उलटं सांगायचो. दोघं व्हरांड्यात भांडायचे, मग दोघं मिळून परत माझ्याकडे यायचे, आणि मी म्हणायचो की ते दोन्ही चालतं, पण वजन वेगळं आहे. वजन म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, मलाही माहीत नव्हतं. पुढं काही वर्षांनी आमचं कार्यालय नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर हललं, तेव्हा खोकी भरताना मी स्वतः पाहिलं की तो शब्द तिकडंही निघाला होता.

तसा सगळ्यांचाच काळ तो अंदाजाचा होता. राजधानी नेमकी कुठं बांधणार, बसस्टॅंड कुठं जाणार, कोणाची बदली कुठं होणार. ज्याला त्याला पुढचं दिसत होतं आणि प्रत्येकाला वेगळं दिसत होतं. आमच्या घरी याबाबतीत शिस्त होती. आमची ही कुठलीही गोष्ट घडून गेली की म्हणते, "मले आधीच वाटलं होतं." दूध नासलं की, पाहुणे आले की, माझी बढती हुकली की. मी एकदा म्हटलं, "अगं, आधी वाटते तं आधी सांगत जा ना." ती म्हणाली, "आधी सांगितलं तं तुम्ही ऐकता का?" तिच्या या पद्धतीला इंग्रजीत कुठलं क्रियापद आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आता टायपिस्ट बाईंविषयी.

त्याही आमच्यासारख्याच विदर्भातल्या, पण माहेर-सासर दोन्ही भोपाळला स्थायिक. राज्य फुटलं तेव्हा कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, आणि त्या वाटणीत बाई इकडे आल्या, नवरा तिकडे राहिला. चार वर्षांची मुलगी तिकडे, सासूजवळ. बाई समता कॉलनीत एका खोलीत भाड्यानं राहायच्या आणि संध्याकाळी एसटीडीच्या काचेच्या डब्यात शिरून मुलीशी बोलायच्या. एकदा बाहेर आल्या त्या सुटे पैसे न घेताच चालू लागल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आज फोन उचलला पोट्टीनं. आजीले ओरडून म्हणते, 'दादी, रायपुरवाली मम्मी का फोन है.' म्हणजे मी आता रायपूरवाली."

पतीपत्नीला एका गावी आणायची सोय होती. अर्ज करायचा, शाखेनं शिफारस लिहायची, साहेबांची सही, आणि मग साहेब असे अर्ज घेऊन भोपाळच्या बैठकीला जाणार, तिथं दोन्ही राज्यांचे लोक बसून अदलाबदल ठरवणार. बैठक गेली की पुढची कधी होईल हे देवालाच ठाऊक.

शिफारस मी लिहायची होती. बाई म्हणाल्या, "भाऊ, साधं हिंदीत लिहा. पोरगी लहान आहे, नवरा तिकडे आहे, जाऊ द्या. बस."

"अहो बाई, हे वर जाणार आहे. भोपाळच्या बैठकीत वाचलं जाणार. हिंदीत कोण लक्ष देते?"

"काहून नाही देणार? सगळे हिंदीच बोलते."

"बोलते हिंदी, सही इंग्रजीवर करते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी मनापासून लिहिलं. हे मी आजही शपथेवर सांगेन, इतकं मनापासून मी नोकरीत दुसरं काही लिहिलं नाही. शाखा या कर्मचाऱ्याचं भोपाळला जाणं फोरबोड करते. मुलीशी तिची भेट फोरबोडेड आहे. पतीकडून तिची जी काळजी घेतली जाईल तीही फोरबोडेड आहे. तीन वेळा घातला. बाईंनी स्वतःच्या बोटांनी तो कागद टाइप केला आणि विचारलं, "याचा अर्थ काय हो, भाऊ?"

"पुढचं आधी दिसणं."

"मंग मले दिसत नाही काहून कधी जाईन ते?" असं म्हणून हसल्या आणि कागद साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी न वाचता सही केली आणि तीनच दिवसांत त्यांची स्वतःची बदली झाली. त्यांच्या जागी नवे साहेब आले. हळू बोलणारे, चष्म्याचे, दिल्लीकडे शिकलेले. यांना इंग्रजी खरोखरच येत होतं. ही गोष्ट आमच्या शाखेच्या हिशेबात धरलेली नव्हती.

भोपाळची बैठक दोन दिवसांवर आली तेव्हा नव्या साहेबांनी अर्जांचा गठ्ठा वाचायला घेतला. दुपारी बाईंना आत बोलावलं. मी माझ्या हुकाखाली बसून वाट बघत होतो, जणू माझ्याच तपासणीचा निकाल लागणार आहे. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. डोळे लाल, पदर तोंडाशी.

"काय झालं? झालं ना काम?"

"भाऊ, तुम्ही काय लिहून ठेवलं माह्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलं. काहून?"

"साहेब मले विचारून राहिले, घरी त्रास आहे का. नवरा मारते का. पोरीले काही धोका आहे का तिकडं. म्हणे, तुमच्या शाखेनं लेखी कळवलं आहे."

माझ्या डोक्यात काहीच शिरेना. "मंग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, साहब, वो तो प्याज काटते हुए भी रोते हैं, मारेंगे क्या. तं ते म्हणाले, 'डरिए मत, यहाँ आप सुरक्षित हैं.' मले रडूच आलं. मी रडली तं त्याइले वाटलं खरंच मारते. आता म्हणते, जब तक मुझे तसल्ली नहीं होती, ये नस्ती भोपाल नहीं जाएगी. ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं."

एवढ्यात मला बोलावणं आलं.

साहेबांनी फाईल समोर उघडून ठेवली होती. अत्यंत गंभीर आवाजात त्यांनी विचारलं, "ये आपने लिखा है?"

"जी सर."

"आपको क्या आशंका है, खुल के बताइए."

आता आशंका हा शब्द मी आयुष्यभर ऐकलेला आहे. पण त्या वेळी साहेबांचा चेहरा, बाईंचे डोळे आणि माझी इंग्रजीची प्रतिष्ठा यांच्या कात्रीत माझं डोकं चालेना. मला एवढंच कळलं की माझ्याकडून बाईंसाठी काहीतरी चांगलं बोलणं अपेक्षित आहे. मी म्हणालो, "सर, बहुत अच्छी आशंका है."

साहेबांनी चष्मा काढला. "अच्छी?"

"जी सर. पूरी शाखा को है."

"पूरी शाखा को मालूम है कि इनके घर में क्या चल रहा है?"

"सबको मालूम है सर. हम लोग तो कब से चाहते हैं कि वो जाएँ."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "आप जा सकते हैं," आणि ड्रॉवर पुन्हा बंद केला. मी बाहेर येताना मला वाटत होतं की काम जवळजवळ झालं आहे. बाईंनाही मी तसंच सांगितलं. मग टेबलाशी बसून जे बोललो ते मनात पुन्हा एकदा ऐकलं आणि शब्दकोश शोधायला उठलो.

मंत्रालयात शब्दकोश नव्हता. नवीन राज्याला खुर्च्या आल्या होत्या, पंखे आले होते, शब्दकोश कोणी मागितलाच नव्हता. संध्याकाळी मी डॉक्टरकडे गेलो. कॅलेंडर होतं, पण ते पान केव्हाच फाटलेलं. डॉक्टरांनी माझा घसा बघितला, पैसे घेतले. तिथून एका पुस्तकाच्या दुकानात गेलो आणि जाडजूड शब्दकोश हातात घेऊन उभ्या उभ्या पान उलटलं. दुकानदार म्हणाला, "लेना है कि पढ़ना है?" मी म्हटलं, "बस एक शब्द." आणि तो शब्द वाचला. स्वल्पविराम ओलांडून पलीकडे गेलो. तिथं अनिष्ट होतं, आशंका होती, संकट होतं. खाली उदाहरणंसुद्धा दिली होती, ढग आणि वादळाची. खुर्च्यांचं एकही नव्हतं.

घरी आलो, जेवण गेलं नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, "मले आधीच वाटलं होतं." त्या दिवशी मात्र मी उलट बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या टाइपरायटरजवळ जाऊन उभा राहिलो. "बाई, तो शब्द. थोडा वेगळा निघाला."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे आपण म्हणतो ना, मनात पाल चुकचुकली. तसा काहीसा."

बाईंची बोटं थांबली. कागदावर काय काय होतं ते त्यांनी मनातल्या मनात वाचलं असावं, कारण त्यांनीच टाइप केलेलं होतं. "मुलीची भेट, पाल चुकचुकली. नवऱ्याची काळजी, पाल चुकचुकली." मग माझ्याकडे वर बघत म्हणाल्या, "माह्या संसारावर पाल सोडली तुम्ही, भाऊ. एक नाही, तीन."

मी म्हटलं, मी तो शब्द खोडून दुसरा लिहितो. त्या म्हणाल्या, जुन्या साहेबांची सही झाल्यावर खोडला तर नव्या साहेबांना वाटेल की घाबरवून बदलून घेतला. हे खरं होतं. मग मी म्हटलं, एक वेगळी टिपणी जोडतो, इंग्रजीत, अर्थ समजावून सांगणारी. बाईंनी दोन्ही हात जोडले. "नका. पाया पडते. तुम्ही फक्त आत चला आणि तोंडानं खरं सांगा, की तुम्हाले येत नाही."

हे वाक्य नुसतं ऐकायलासुद्धा मला जड गेलं. एवढी वर्षं पेपर विकत घेतला होता मी. मी म्हटलं, "पण साहेबांना पटेल कशावरून? त्याइले वाटेल, मी तुम्हाले लपवून राहिलो."

बाई उठल्या. कपाटातून नमुन्याची फाईल काढली, दुसऱ्या शाखांतून जमा झालेल्या कार्बन कॉप्या काढल्या आणि दोन्ही माझ्या छातीशी दाबल्या. "हे दाखवा. इतक्या लोकाइनं कोणाचं वाईट चिंतलं नसेल."

आम्ही दोघं आत गेलो. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं, "सर, मुझे अंग्रेजी नहीं आती." साहेबांना काही कळेना. त्यांना अजूनही वाटत होतं की हे काहीतरी घरगुती हिंसेचं प्रकरण आहे आणि मी त्यातला फिरलेला साक्षीदार आहे. बाईंनी फाईल पुढं सरकवली. साहेब एकेक कॉपी वाचायला लागले.

खुर्च्या येणार याची दाट शंका. पंखे लागतील याची धास्ती. कर्मचाऱ्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी मिळेल अशी भीती. एका निवृत्त होणाऱ्या बाबूला सगळ्यांनी मिळून दिलेलं निरोपपत्र, त्यात लिहिलेलं की आपलं दीर्घायुष्य आम्ही फोरबोड करतो. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मी भिंतीकडे बघत होतो. मग ते एका ओळखीच्या मजकुरापाशी थांबले. स्वतःच्या टेबलाचा दुसरा ड्रॉवर उघडून त्यांनी एक कार्ड बाहेर काढलं. ते रुजू झाले त्या दिवशी शाखेनं पुष्पगुच्छासोबत दिलेलं स्वागताचं कार्ड. मजकूर अर्थातच नमुन्यावरून. आम्ही सगळे आपलं आगमन फोरबोड करत होतो. खाली शाखेतल्या प्रत्येकाची सही.

"ये भी आपका है?"

"जी सर."

साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "मैं तब से सोच रहा हूँ," ते म्हणाले, "कि ये लोग मुझसे इतना डरते क्यों हैं. मैंने तो अभी किसी को डाँटा भी नहीं." आणि मग ते हसायला लागले. चष्मा काढून, रुमाल तोंडाला लावून. बाई हसल्या नाहीत. त्या ड्रॉवरच्या कुलपाकडे बघत होत्या. साहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी किल्ली काढली.

बाईंच्या फाईलवर त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. साध्या हिंदीत होतं. या विभागात सदर शब्द 'आशा करणे' या अर्थानं वापरण्याची परंपरा आहे, त्याचे नमुने सोबत जोडले आहेत, करिता शिफारस मान्य. म्हणजे ज्या कागदांनी मला उघडं पाडलं त्याच कागदांच्या जोरावर ती फाईल भोपाळला गेली. एकट्या बाईंच्या कागदावर तो शब्द असता तर ती माझी चूक ठरली असती आणि फाईल अडकली असती. सगळ्यांच्या कागदावर होता म्हणून ती पद्धत ठरली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. यातून मी शहाणा ठरतो की मूर्ख, याचा मला अजून उलगडा होत नाही.

बैठकीनंतर काही दिवसांनी बाईंचा आदेश आला. बातमी ऐकून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे हात टेबलाखाली घेतले, पुन्हा काही लिहायला नको म्हणून. कार्यमुक्तीचं पत्र बाईंनी स्वतः तयार केलं, स्वतः टाइप केलं, सहीलाही स्वतःच नेलं. शाखेनं निरोपाचं कार्ड काढायचं ठरवलं, तर बाई दारातूनच म्हणाल्या, "फक्त सह्या करा, मजकूर नको."

त्यांना न्यायला नवरा आला, मुलीला घेऊन. मी सामान उचलू लागायला स्टेशनवर गेलो होतो. भोपाळच्या गाडीला उशीर होता. किरकोळ अंगाचा, भला माणूस, खिशाला दोन पेनं, हातात मुलीची पाण्याची बाटली. मुलगी आधी वडिलांच्या पायामागं उभी होती. मग हळूच पुढं आली, आईची पर्स उघडून एकेक वस्तू बाहेर काढून बाकावर मांडायला लागली, चष्म्याचं घर, कंगवा, लवंगांची डबी, आणि बाई तिला काही म्हणाल्या नाहीत. सगळी पर्स रिकामी होऊ दिली.

मी नवऱ्याला नमस्कार केला. तो माझ्याकडे नीट बघायला लागला. मग बायकोकडे वळून त्यानं विचारलं, "हेच का ते भाऊ?"

"हव. हेच," बाई म्हणाल्या.

मी काहीतरी बोलणार होतो. माफीच मागणार होतो, बहुतेक. पण त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, माझ्या बगलेतला इंग्रजी पेपर पाहिला, आणि बायकोला म्हणाला, "दिसाले तं शिकलेले दिसते."